त्याग कोणाचा, हिशेब कोणाचा? : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना



मुळशी तालुक्यात येऊन ‘त्याग’ या विषयावर बोलायचं म्हणजे जरा जपून बोलायला हवं. इथल्या लोकांनी हा शब्द फार महागात ऐकलेला आहे. मुंबईला वीज हवी म्हणून टाटा कंपनीचं धरण निघालं, खोऱ्यातली गावं आणि भातखाचरं पाण्याखाली जाणार हे ठरलं, आणि १९२१ साली सेनापती बापटांबरोबर इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. शेवटी धरण झालंच. ज्यांची जमीन गेली त्यांना आपण सहज ‘त्यागी’ म्हणून टाकतो. पण जे स्वतःहून दिलं तो त्याग. जे काढून घेतलं त्याला त्याग म्हणणं ही घेणाऱ्याची सोय असते. एवढा फरक मनात ठेवून आपण आजच्या पुस्तकाकडे वळू.

पुस्तक आहे लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून ते चार भागांत प्रसिद्ध झालं. त्याचं कौतुक भरपूर झालंय. साधी भाषा, निर्मळ विनोद, मराठीतलं श्रेष्ठ आत्मचरित्र. हे सगळं खरंच आहे. पण या कौतुकाबरोबर एक चित्र ठरून गेलंय, की रेव्हरंड नारायण वामन टिळक हे थोर त्यागी पुरुष आणि लक्ष्मीबाई ही त्यांची सोशिक पत्नी. ख्रिस्ती मंडळींच्या उपदेशातही हेच चित्र येतं. आमचं म्हणणं असं आहे की पुस्तक नीट वाचलं तर ते हे सांगत नाही.

आधी टिळकांना न्याय देऊ. हा माणूस खरोखर मोठा. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला तेव्हा ब्राह्मण म्हणून असलेला मान, नातीगोती, सगळं सुटलं. पुढे ख्रिस्ती समाजात मान मिळाला, तर १९१७ साली मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ख्रिस्त सांगायचा तो अभंगातून आणि कीर्तनातून, परक्या थाटात नाही, हा त्यांचा आग्रह होता. यात दिखावा नव्हता.

पण हे सगळं घडत होतं तेव्हा घरात काय चाललं होतं? ते आपल्याला फक्त लक्ष्मीबाई सांगतात. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. दारात आलेला रिकामा जात नसे. मनात आलं की ते उठून कुठेतरी निघून जात. उद्या चुलीवर काय चढणार, हा प्रश्न त्यांच्या त्यागात कुठे बसतच नव्हता. तो आपोआप बायकोच्या वाट्याला येई. आणि बाप्तिस्म्यानंतरची चार-पाच वर्षं तर दोघं वेगळेच राहिले. लहान मुलाला घेऊन ही बाई नातेवाइकांकडे. नवरा जिवंत आहे, पण समाजाच्या लेखी तो गेलेलाच. त्या काळात या बाईची काय गत झाली असेल, विचार करा. टिळकांनी जे दिलं त्यात लक्ष्मीबाईंचा वाटा किती होता? आणि तिला कुणी विचारलं होतं का?

इथे आम्हाला तुकोबा आठवतात. आठवणारच, कारण तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं टिळक स्वतः सांगत. तुकोबांनी सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या कथेतला एक बारकावा आपण विसरतो. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, वाट्याची खतं त्यांनी आधी वेगळी काढून त्याला दिली आणि आपल्याच वाट्याची पाण्यात सोडली. भावाचा हिस्सा त्यांनी स्वतःच्या भक्तीत बुडवला नाही. मग आवलीचं काय? घरातली ही बाई आपल्याला कथांमध्ये भांडखोर म्हणून भेटते, कारण तिची बाजू तिनं लिहून ठेवलेली नाही. लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवली. आम्हाला वाटतं, या पुस्तकाचं मोठेपण इथे आहे. संताच्या घरातला जमाखर्च घरातल्याच बाईनं मांडला, असं आपल्याकडे फार क्वचित घडलंय.

आणि तो मांडला कसा? हसत हसत. यावरून पुष्कळ टीकाकार फसतात. बाई हसतेय म्हणजे तिची तक्रार नाही, असं ते धरून चालतात. आम्हाला तसं वाटत नाही. लक्ष्मीबाई काहीही लपवत नाहीत. राग आला तर राग सांगतात, भांडण झालं तर भांडण. मात्र त्याच डोळ्यांनी त्या स्वतःकडेही बघतात. आपला हट्ट, आपलं अज्ञान, आपलं सोवळं, सगळ्याची टर उडवतात. ज्या माहेरात बाजारातून आलेलं सामानसुद्धा धुऊन घेतलं जाई, तिथे वाढलेली ही बाई. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही ती आपलं सोवळं सांभाळून होती. मग एके दिवशी तिनं बसून स्वतःच विचार केला, की ही जात देवानं केली की माणसानं? आणि जे उत्तर मिळालं त्याप्रमाणे ती वागायला लागली. १९०० साली तिनं बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, आपल्या पायांनी चालत जाऊन.

नम्रता म्हणतात ती ही, असं आम्हाला वाटतं. मान खाली घालून गप्प बसणं वेगळं. स्वतःबद्दल आणि दुसऱ्याबद्दल खरं तेवढंच बोलणं, आपल्या चुकांना वेगळं माप न लावणं, ही नम्रता.

टिळकांबद्दलही मग वेगळा निकाल द्यावा लागतो. त्यांचा सगळ्यात मोठा त्याग कोणता? पगार सोडला तो? आम्ही म्हणू, नाही. इतकी वर्षं त्यांनी वाट पाहिली, बायकोवर आपला धर्म लादला नाही, तिचं सोवळं तिला पाळू दिलं, तो. त्या काळातल्या नवऱ्याला हक्क गाजवायला कुणी अडवलं नसतं. हातात असलेला हक्क त्यांनी वापरला नाही, आणि याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. पैसे देऊन टाकताना ती किंमत दुसरं कुणीतरी मोजत होतं.

शुभवर्तमानात याला आधार आहे. विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट देणगीच्या प्रवचनात हमखास येते. पण मार्काच्या बाराव्या अध्यायात तिच्या अगदी आधी काय आहे ते वाचा. विधवांची घरं गिळणाऱ्या आणि लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांवर येशू तिथे कडक शब्दांत बोलतो, आणि लगेच ही विधवा पेटीपाशी येते. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर नुसतं ‘तिच्यासारखं द्या’ असं सांगून भागत नाही. तिच्याकडे दोनच दमड्या का उरल्या, हेही विचारावं लागतं. तसंच पाय धुण्याचं. त्या रात्री कमरेला रुमाल बांधून येशू स्वतः उठला. एखाद्या शिष्याला ‘तू नम्र हो’ म्हणून घंगाळाकडे पाठवलं नाही.

आज हे सगळं सांगायचं कारण आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये, आपल्या घरांमध्ये अजूनही मार खाणाऱ्या बाईला ‘हा तुझा वधस्तंभ आहे, सोस’ असं सांगितलं जातं. नम्रतेचा उपदेश वरून खाली जातो, खालून वर क्वचितच येतो. अशा वेळी या पुस्तकातून एकच प्रश्न उचलावा, की या त्यागाची किंमत नक्की कोण मोजतंय? बोलणारा मोजत असेल तर ऐकावं. ऐकणाऱ्यानंच मोजायची असेल, तर तो उपदेश ख्रिस्ताचा नव्हे.

टिळक १९१९ साली गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहून पुरं केलं. नवऱ्यानं अर्धवट टाकलेलं आणखी एक काम तिच्याकडे आलं, असं कुणी म्हणेल. पण या वेळी ते तिच्यावर कुणी टाकलं नव्हतं. तिनं आपणहून उचललं.