कारखाना आणि कर्ता

संगमनेरच्या सहकारी साखर कारखान्याचे धुरीण भाऊसाहेब थोरात (१९२४–२०१०) यांचे 'अमृतमंथन' हे आत्मचरित्र आम्हांस व्यवस्थापनावरील जाड ग्रंथांहून अधिक विचारप्रवर्तक वाटते. चिनी कुटुंबाच्या पेढीत वडीलधाऱ्याचा शब्द अखेरचा. कारण भांडवल घराण्याचे. येथे भांडवल ऊस पिकविणाऱ्या सभासदांचे. भाग कितीही असोत, मत एकच. तरीही अध्यक्षास लोक घरच्या कर्त्यासारखे मानतात! या मानातून शिस्त येते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु कर्त्यापाशी हिशेब मागावयाचा कोणी? आणि त्याच्यामागून वारसा जातो कोठे? १९८५ पासून २०२४ पर्यंत संगमनेरची आमदारकी त्यांचे चिरंजीव बाळासाहेब यांजकडे होती. लोकांनी ती मतांनी दिली, हे खरे. पण वडिलांचे वजन त्या पारड्यात पडलेच नाही, असे कोण म्हणेल?