'अभयारण्य' : एका संज्ञेची चिकित्सा
(मेळघाट आणि मराठी अरण्यलेखनाच्या संदर्भात)

'अभयारण्य' हा शब्द मराठी वाचकाला इतका परिचित आहे की त्याच्या घटकांकडे सहसा लक्ष जात नाही. परतवाड्याहून सेमाडोहकडे जाणारा मार्ग असो, अकोट तालुक्यातील नरनाळ्याचा पायथा असो वा शालेय भूगोलाचे पुस्तक असो, तेथे तो निव्वळ प्रशासकीय नाम म्हणून येतो. मात्र या नामात एक आश्वासन दडलेले आहे. आश्वासनाला देणारा लागतो, घेणारा लागतो आणि ज्याच्यापासून अभय द्यावयाचे असा तिसराही लागतो. मेळघाटात हा तिसरा कोण, आणि मराठी अरण्यलेखनाने त्याच्याकडे कसे पाहिले, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात अभिप्रेत आहे.

संज्ञेचा पूर्वेतिहास येथे उपयुक्त ठरतो. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, सूनाध्यक्षाच्या प्रकरणात, 'अभयवन' असा शब्द आला आहे. अभयवनात राहणाऱ्या मृग, पशू, पक्षी व मत्स्य यांना पकडणाऱ्यास वा मारणाऱ्यास तेथे उत्तम साहसदंड, म्हणजे सर्वांत कठोर दंड, सांगितला आहे. परंतु त्याच ठिकाणी कुटुंबीजनांसाठी मध्यम दंडाची वेगळी तरतूद आहे. म्हणजे अभयवनाची कल्पना मांडणाऱ्या त्या प्राचीन ग्रंथकारालाही या वनाशी व्यवहार असलेला संसारी मनुष्य दिसत होता आणि त्याचा अपराध अन्य अपराध्यांच्या तराजूत तोलता येत नाही, याचे भान होते. अर्थशास्त्राची राज्यव्यवस्था वनवासीयांच्या बाबतीत उदार होती असे कोणी म्हणणार नाही. तरीही ही दंडभिन्नता लक्षणीय आहे.

इंग्रजीतील 'सँक्च्युअरी' या शब्दाची वाट निराळी. मध्ययुगीन युरोपात देवालयाच्या आवारात शिरलेल्या पलायित माणसाला पकडता येत नसे. त्या आश्रयाचे हे नाव. माणसाला मिळणाऱ्या आश्रयाचा शब्द पुढे प्राण्यांकडे वळला, आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने त्याला विधिमान्य अर्थ दिला. मराठीने त्यासाठी 'अभयारण्य' स्वीकारले. संस्कृत शब्दाची प्रतिष्ठा आणि इंग्रजी कायद्याची चौकट यांचा हा संकर आहे. कौटिल्याचा कुटुंबी मात्र त्या प्रवासात मागे राहिला.

मेळघाटाची प्रशासकीय माहिती सर्वज्ञात असल्याने थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प घोषित झाले, त्यांत मेळघाटाचा समावेश होता. ३६१.२८ चौ.कि.मी.चे गुगामल राष्ट्रीय उद्यान, मेळघाट अभयारण्य, अकोला जिल्ह्यातील अवघ्या १२.३५ चौ.कि.मी.चे नरनाळा, तसेच वान आणि अंबाबरवा ही अभयारण्ये या एका व्यवस्थेचे भाग आहेत. २००७ मध्ये सुमारे १,५०० चौ.कि.मी. क्षेत्र 'क्रिटिकल' म्हणजे अतिसंरक्षित व्याघ्र अधिवास ठरले. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या येथून तापीकडे जातात.

यांपैकी 'सिपना' या नावाशी थोडे थांबावे लागते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. संपूर्ण मेळघाट ज्या वृक्षाचा, त्याच वृक्षाचे नाव नदीला आहे. पण मराठी प्रवासवर्णनांतून ती नदी येते तेव्हा केवळ एक कर्णमधुर विशेषनाम होऊन येते. कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील मुंडा शाखेची भाषा असून त्या शाखेच्या पश्चिम टोकाला ती उभी आहे. २०११ च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या सव्वासात लाखांहून अधिक नोंदली गेली. 'कोरो' म्हणजे माणूस, त्याचे अनेकवचन 'कोरकू'. वाघाला कोरकू 'कुला' म्हणतात, आणि हाच शब्द किंचित फरकाने झारखंडातील संथाली व मुंडारी भाषांतही आहे. मेळघाटचा वाघ ज्या शब्दाने ओळखला जातो त्याचे नाते शेकडो मैल पूर्वेकडील अरण्यांशी आहे, ही गोष्ट वऱ्हाडातील भाषा-अभ्यासकांना नवी नाही. साहित्यविचारात मात्र ती फारशी शिरलेली नाही.

मराठी अरण्यलेखनाची थोरवी याच पार्श्वभूमीवर तपासावी लागते. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' आणि त्यानंतरचे 'सत्तांतर' (१९८२) यांनी अरण्याला कथेच्या पार्श्वभूमीवरून उचलून कथेचा विषय केले. 'सत्तांतर'मध्ये वानरटोळ्यांतील संघर्ष सांगताना माडगूळकरांनी मानवी पात्रांचा आधार जवळजवळ सोडला. हे त्या कृतीचे सामर्थ्यच होय. मारुती चितमपल्ली यांची वाट याहून वेगळी. १९३२ मध्ये सोलापुरात जन्मलेले चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांध, नागझिरा आणि मेळघाट येथे राहिले. 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा', 'रातवा' अशी ग्रंथमाला त्यांनी मराठीला दिली, आणि २००६ च्या सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ मध्ये पद्मश्रीचा सन्मान आणि त्यांचे निधन या दोन्ही घटना काही महिन्यांच्या अंतराने घडल्या.

चितमपल्लींचे सर्वांत टिकाऊ कार्य शब्दांचे आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. कावळ्यांच्या सामूहिक वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' असे शब्द त्यांनी घडविले. 'पक्षिकोश' सिद्ध केला. संस्कृत ग्रंथ आणि आदिवासींची बोली अशा दोन खाणींतून त्यांनी शब्द काढले. येथेच एक सूक्ष्म असमतोल जाणवतो. संस्कृतातून येणाऱ्या शब्दाला ग्रंथाचे नाव मिळते. बोलीतून येणाऱ्या शब्दाचा वक्ता बहुधा वाटाड्या, धीवर, वृद्ध आदिवासी अशा रूपातच उरतो. चितमपल्लींना त्याच्याविषयी निस्सीम आदर आहे, त्याच्या ज्ञानापुढे ते नम्र होतात. परंतु त्यांच्या लेखनात आदिवासी येतो तो मुख्यत्वे ज्ञाता म्हणून. त्या भूमीवर दावा सांगणारा म्हणून क्वचितच. वाचकाला पक्ष्याचे घरटे दिसते, आणि घरटे दाखविणाऱ्याचे घर कोणत्या नोंदवहीत कसे लिहिले गेले आहे हे दिसत नाही.

या आक्षेपावर एक उत्तर संभवते. ललित लेखकाने महसुली अभिलेख का वाचावेत? प्रश्न रास्त आहे, आणि सामान्यतः तो मान्यही करावा. पण चितमपल्ली हे ज्या खात्याचे अधिकारी होते, त्या खात्यानेच ते अभिलेख लिहिले. लेखक आणि नोंदकर्ता येथे एकाच गणवेशात आहेत. त्यामुळे त्यांच्या मौनाचे मूल्यमापन माडगूळकरांसारख्या पाहुण्या लेखकाच्या मौनाप्रमाणे करता येत नाही.

नोंद आणि वास्तव यांतील अंतराचे मेळघाटातील उत्तम उदाहरण म्हणजे रानपिंगळा. १८७३ मध्ये ह्यूम यांनी या घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय नमुना मिळाला नाही आणि पक्षी नामशेष झाला असे मानले जाऊ लागले. मध्यंतरी माइनर्ट्झहागेन या इंग्रज संग्राहकाने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर १९१४ आणि गुजरातेतील मांडवी अशी खोटी चिठ्ठी लावली होती. शोधकर्ते त्या खोट्या स्थळी शोध घेत राहिले. चिठ्ठीचा बनाव लक्षात आल्यावर पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खऱ्या नमुन्यांच्या स्थळांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी दिसला. पुढे काही वर्षांतच फराह इश्तियाक व असद रहमानी यांच्या सर्वेक्षणात तो मेळघाटातही आढळला. ११३ वर्षे जे हरवले होते ते नोंदीतून हरवले होते. पक्षी आपल्या सागवनातच होता. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याला ज्या समाजाने पाखराची भाषा कळते असे मानले, त्या समाजात हा प्रसंग घडावा, हा योगायोगही मौजेचा आहे.

रानपिंगळ्याचे पुनर्दर्शन संरक्षणाच्या बाजूने बोलते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. शिकार आणि तोड यांना आळा बसला नसता तर मेळघाटाचे काय झाले असते, याची कल्पना सातपुड्याच्या अन्य उघड्या डोंगरांवरून येते. मात्र त्याच काळात दुसरीकडे बोरी, कोहा आणि कुंड ही गावे उठली. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेथील कुटुंबे अकोट तालुक्याच्या मैदानी भागात आली. त्यानंतर आणखी गावे हलली. २००८ पासून प्रतिकुटुंब दहा लाख आणि २०२१ पासून पंधरा लाख रुपये असे अर्थसाहाय्य ठरले. शाळा, दवाखाना व रस्ता यांच्या ओढीने स्वेच्छेने बाहेर पडलेली कुटुंबेही त्यांत होती. त्यांना केवळ बळी म्हणणे हा त्यांच्या निर्णयाचा अवमान ठरेल. पण २०१९ च्या जानेवारीत पुनर्वसित कोरकू कुटुंबे जुन्या गावठाणांकडे परतली आणि तेथे संघर्ष झाला, तेव्हा 'स्वेच्छा' या शब्दाचीही चिकित्सा होणे अटळ झाले. डोंगरउतारावर कोदो-कुटकी पेरणारा आणि मोहफुले वेचणारा मनुष्य कपाशीच्या काळ्या जमिनीत येतो, तेव्हा त्याच्या भाषेतील अर्ध्याअधिक वृक्षनामांना समोर वस्तूच उरत नाही. हे नुकसान कोणत्याही मोबदल्याच्या तक्त्यात बसत नाही, आणि ते मांडण्याचे काम साहित्याचेच होते.

या संदर्भात एका परदेशी अरण्याची तुलना उद्बोधक ठरते. पावसाळ्यात चिखलदऱ्यावर ढग उतरतात, समोरचा गाविलगड दिसेनासा होतो. मेळघाट हे शुष्क पानगळीचे सागवन असल्याने तेथे हा अनुभव काही महिन्यांचाच. मध्य अमेरिकेच्या डोंगरमाथ्यांवरील मेघवनांत तो वर्षाचा बराच काळ असतो. कोस्टा रिकातील मोंतेवेर्दे हे त्यांतील प्रसिद्ध. १९५१ मध्ये अमेरिकेतील अलाबामातून सक्तीची लष्करभरती नाकारून आलेली क्वेकर कुटुंबे तेथे दुग्धव्यवसाय करू लागली आणि पाण्याच्या उगमाचा वरचा जंगलपट्टा त्यांनी स्वतःहून राखला. १९७२ मध्ये तेथे राखीव क्षेत्र झाले, ते या गावकऱ्यांच्या राखणीच्या शेजारी. राखणारा आणि राहणारा तेथे एक होता. अर्थात हे चित्र रंगविताना मोह आवरावा लागतो, कारण क्वेकर हे जमीन विकत घेऊन आलेले वसाहतकार होते. कोरकूंना मेळघाटात कोणाकडून काही विकत घ्यावे लागले नव्हते. शिवाय त्या जपलेल्या वनातही १९८९ नंतर सोनेरी भेक कोणाला दिसला नाही आणि २००४ मध्ये तो नामशेष घोषित झाला. कुंपण कितीही कडक असले तरी रोग आणि बदलते हवामान त्यापाशी थांबत नाहीत.

मोंतेवेर्देसारखी राखण वऱ्हाडात शक्य आहे काय, याचे उत्तर अभयारण्याच्या सीमेबाहेर, सातपुड्याच्या पायथ्याशी पायविहीर गावात मिळते. २००६ च्या वनहक्क अधिनियमाखाली २०१२ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. उजाड झालेल्या टेकड्या गावाने राखल्या, त्यांवरील सीताफळे स्वतः बाजारात नेली, आणि २०१४ मध्ये भारत जैवविविधता पुरस्कार मिळविला. तेथील वनाला शासकीय अर्थाने 'अभयारण्य' ही संज्ञा लागू होत नाही. त्या टेकड्यांवर कौटिल्याचा कुटुंबी मात्र पुन्हा दिसतो, आणि या वेळी तो दंडाच्या तरतुदीत नसून हक्काच्या कागदावर आहे. पायविहीर काय किंवा २०१९ च्या संघर्षात ज्यांची नावे आली ती गुल्लरघाट, केलपाणी काय, ही गावे अजूनही वृत्तपत्रांच्या स्तंभांत आणि शासकीय पत्रव्यवहारातच अधिक भेटतात. चितमपल्लींनी पाखरांच्या वसाहतींना नावे दिली. या वसाहतींना मराठी गद्याची प्रतीक्षा आहे, आणि ते गद्य बहुधा कोरकू घरातून शिकून आलेल्या लेखणीचेच असेल.