दोन तारखांचा फोन : कस्टम ऑपरेटिंग सिस्टीमच्या लाभहानीची चिकित्सा

१. प्रस्तावना

मोबाइल फोनबरोबर आलेली ऑपरेटिंग सिस्टीम काढून तिच्या जागी दुसरी बसवता येते. अशा पर्यायी सिस्टीमला बोलण्यात 'कस्टम रॉम' म्हणतात. या विषयावरचे लेखन बहुधा दोन टोकांना असते. समर्थक म्हणतात, फोन आता खऱ्या अर्थाने तुमचा झाला. कंपन्या आणि बँका म्हणतात, फोन असुरक्षित झाला. दोन्ही पक्ष 'सुरक्षा' हा शब्द वापरतात, पण त्यांना त्यातून अभिप्रेत असलेली गोष्ट एक नसते.

या पाठात लिनिएजओएस ही सर्वपरिचित कस्टम सिस्टीम समोर ठेवून 'सुरक्षा' या शब्दाखाली दडलेल्या तीन गोष्टी आपण वेगळ्या करणार आहोत. पहिली, दुरुस्ती : सापडलेल्या त्रुटींवरचे पॅच फोनपर्यंत पोहोचणे. दुसरी, पडताळणी : फोन सुरू होताना चालणारी सिस्टीम तीच आहे, मध्ये कोणी बदललेली नाही, याची खात्री. तिसरी, मान्यता : बँकेसारख्या त्रयस्थ पक्षाने त्या फोनवर विश्वास ठेवणे. लिनिएजओएस पहिली गोष्ट अंशतः सुधारते, दुसरी बहुतेक फोनांवर मोडते आणि तिसरी गमावते. हे तीन हिशेब एकत्र केले की चर्चा भरकटते.

२. पार्श्वभूमी

अँड्रॉइडचा बराचसा भाग मुक्त स्रोत आहे. त्याचे कर्नल जीपीएल परवान्याखाली, तर वरचा मोठा भाग अपाची परवान्याखाली मिळतो. म्हणूनच २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आल्यानंतर वर्षभरातच स्टीव्ह कॉन्डिक यांनी सायनोजेनमॉड ही पर्यायी सिस्टीम सुरू केली. २००९ मध्येच गूगलने तिच्यासोबत गूगलची अ‍ॅप वाटण्यास मनाई करणारी नोटीस पाठवली. त्या अ‍ॅपचा स्रोत मुक्त नव्हता. आजही लिनिएजओएससोबत गूगलची अ‍ॅप येत नाहीत, ती वापरकर्त्याने स्वतंत्रपणे बसवायची असतात.

२०१३ मध्ये सायनोजेनची कंपनी झाली आणि तिची सिस्टीम फोनबरोबर विकली जाऊ लागली. भारतात तिच्या हक्कांवरून मायक्रोमॅक्स आणि वनप्लस यांच्यात वाद झाला. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वनप्लस वन या फोनच्या विक्रीला तात्पुरती मनाई केली, ती काही दिवसांतच उठली. दोन वर्षांनी, डिसेंबर २०१६ च्या अखेरीस कंपनीने सेवा बंद केल्या. स्वयंसेवकांनी त्याच स्रोतावरून लिनिएजओएस पुढे चालवली.

या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. स्रोत मुक्त असल्यामुळे प्रकल्प मरत नाही, पण तो कोण सांभाळणार हा प्रश्न त्यातून सुटत नाही. लिनिएजओएसमध्ये प्रत्येक फोनमॉडेलची जबाबदारी एखाददुसऱ्या स्वयंसेवकाकडे असते. त्याने काम सोडले आणि दुसरा कोणी पुढे आला नाही, तर त्या मॉडेलचे अपडेट थांबतात.

३. दुरुस्ती : एका पडद्यावरच्या दोन तारखा

कस्टम सिस्टीमच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद दुरुस्तीचा आहे. पोको एफ१ हे उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०१८ मध्ये भारतात आलेला हा फोन निर्मात्याकडून अँड्रॉइड १० पर्यंतच पोहोचला आणि नंतर त्याचे अधिकृत अपडेट थांबले. त्याचे हार्डवेअर मात्र थकलेले नव्हते. लिनिएजओएसने याच फोनला अँड्रॉइड १३ च्याही पुढे नेले. चालू स्थितीतला फोन कचऱ्यात जाण्यापासून वाचतो, आणि वापरकर्त्याला नव्याने सापडलेल्या त्रुटींवरचे पॅच मिळत राहतात. हा लाभ खरा आहे.

तथापि तो किती आहे, हे लिनिएजओएस स्वतःच सांगते. तिच्या सेटिंगमधील 'ट्रस्ट' या पानावर दोन तारखा दिसतात : एक सिस्टीमच्या सुरक्षा पॅचची, दुसरी निर्मात्याकडून आलेल्या भागाच्या पॅचची. जुन्या फोनवर पहिली तारीख ताजी असते, दुसरी अनेक वर्षांपूर्वी गोठलेली असते.

याचे कारण फोनच्या रचनेत आहे. मोबाइल नेटवर्कशी बोलणारे बेसबँड, गुप्त किल्ल्या सांभाळणारा चिपमधला सुरक्षित कप्पा, कॅमेरा आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर यांचा स्रोत मुक्त नसतो. कस्टम सिस्टीमचे कारागीर हे भाग निर्मात्याच्या शेवटच्या पॅकेजमधून जसेच्या तसे उचलतात. त्यांतील त्रुटी बाहेरून दुरुस्त करणे त्यांना जवळजवळ अशक्य असते. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर आलेल्या 'ट्रेबल' या रचनेने सिस्टीमचा भाग आणि निर्मात्याचा भाग यांच्यात स्पष्ट सीमा आखली. त्यामुळे वरचा मजला बदलणे सोपे झाले, पण तळमजल्याची मालकी बदलली नाही.

तेव्हा 'जुना फोन नव्यासारखा सुरक्षित होतो' हे विधान अर्धे खरे आहे. निर्मात्याने वाऱ्यावर सोडलेल्या फोनपेक्षा लिनिएजओएस असलेला फोन दुरुस्तीच्या बाबतीत निश्चित बरा. ज्या फोनला निर्माता आजही नियमित पॅच देत आहे, त्यावर मात्र हा लाभ उरत नाही, कारण तेथे तळमजल्याचीही डागडुजी चालू असते. २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ साठी आणि २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली. अशा हमी स्वस्त फोनांपर्यंत जितक्या लवकर पोहोचतील, तितका कस्टम सिस्टीमचा हा युक्तिवाद कमजोर होईल. आपल्याकडे बहुसंख्य लोक वापरतात ते फोन महागड्या श्रेणीतले नाहीत, हे मात्र विसरून चालणार नाही.

४. पडताळणी : उघडा बूटलोडर

फोन सुरू होताना प्रथम बूटलोडर हा छोटा प्रोग्रॅम चालतो. पुढे येणाऱ्या सिस्टीमवर निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी आहे का, हे तो तपासतो. कस्टम सिस्टीम बसवण्यासाठी हा बूटलोडर अनलॉक करावा लागतो. तसे करताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. ही गैरसोय वाटली तरी तिच्यामागे कारण आहे : चोराने फोन अनलॉक केला तरी जुनी माहिती त्याच्या हाती लागू नये.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. बहुतेक फोनांवर कस्टम सिस्टीम बसवल्यावर बूटलोडर उघडाच ठेवावा लागतो. फोन थोडा वेळ दुसऱ्याच्या ताब्यात गेला, तर तो सिस्टीममध्ये बदल करून फोन परत ठेवू शकतो. साठवलेली माहिती कूटबद्ध असते, त्यामुळे ती लगेच वाचता येत नाही. पण मालकाने पुढच्या वेळी पिन टाकला की बदललेली सिस्टीम तो पाहू शकते. हा धोका दूरवरच्या हॅकरचा नाही, जवळच्या माणसाचा आहे. दुरुस्तीच्या दुकानात फोन ठेवणाऱ्याने किंवा घरातच पाळत असलेल्या व्यक्तीने त्याचा विचार केला पाहिजे.

सिस्टीम तयार करणारा कोण, हा प्रश्नही येथेच येतो. लिनिएजओएसच्या अधिकृत आवृत्त्यांवर प्रकल्पाची स्वतःची स्वाक्षरी असते. मे २०२० मध्ये प्रकल्पाच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली, तेव्हा स्वाक्षरीच्या किल्ल्या वेगळ्या ठेवलेल्या असल्याने त्या सुरक्षित राहिल्या. अनधिकृत आवृत्त्यांबाबत अशी खात्री नसते. त्यांतील कित्येक आवृत्त्या अँड्रॉइडच्या स्रोतासोबत येणाऱ्या चाचणी-किल्ल्यांनी स्वाक्षरित केलेल्या असतात. या किल्ल्यांचा गुप्त भाग जगजाहीर आहे. त्याच किल्लीने स्वाक्षरी केलेले कोणतेही अ‍ॅप अशा फोनवर सिस्टीमचे अधिकार मिळवू शकते. ज्याला आपण 'कस्टम रॉम' म्हणतो त्या एकाच नावाखाली इतके अंतर असते.

५. मान्यता : बँकेच्या दारात

२०१६ नंतर यूपीआयमुळे आपल्याकडे फोन हेच पैशाचे पाकीट झाले. त्यामुळे कस्टम सिस्टीमची सर्वांत मोठी किंमत येथेच चुकवावी लागते. बँकेचे अ‍ॅप उघडत नाही, किंवा आज उघडते आणि उद्या अपडेटनंतर बंद पडते.

बँकांची भूमिका निराधार नाही. रिझर्व्ह बँकेच्या फेब्रुवारी २०२१ च्या डिजिटल पेमेंट सुरक्षाविषयक निर्देशांत, रूट केलेला फोन ओळखून त्यावर अ‍ॅप चालू न देण्याची व्यवहार्यता तपासावी, असे म्हटले आहे. परंतु 'रूट केलेला फोन' आणि 'कस्टम सिस्टीमचा फोन' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅपना रूट अधिकार देण्याची सोय लिनिएजओएसमध्ये मुळात येत नाही. व्यवहारात मात्र दोघांना एकाच रांगेत उभे केले जाते.

अनेक अ‍ॅप ही तपासणी गूगलच्या प्ले इंटेग्रिटी या सेवेकडे सोपवतात. ती फोनला तीन पातळ्यांचे शिक्के देते. मधला शिक्का मिळण्यासाठी फोन गूगल-प्रमाणित असावा लागतो, पण त्याचा पॅच किती जुना आहे हे विचारले जात नाही. गेल्या वर्षभरातल्या पॅचची अट फक्त सर्वांत वरच्या शिक्क्याला, तीही अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनांना आहे. परिणाम असा की मूळ सिस्टीमवर वर्षानुवर्षे एकही पॅच न मिळालेला पोको एफ१ हा मधला शिक्का मिळवू शकतो. ताजे पॅच असलेला तोच फोन लिनिएजओएसवर तो गमावतो. म्हणजे येथे प्रत्यक्षात तपासला जातो तो प्रमाणपत्राचा मालक. सुरक्षेची स्थिती तपासली जाते असे म्हणता येत नाही.

या अडचणीवर वापरकर्त्यांनी काढलेली तोडही तितकीच टीकेला पात्र आहे. फोन प्रमाणित असल्याचा बहाणा करणारी साधने बहुधा रूट अधिकारांवरच चालतात. म्हणजे रूट नसलेला माणूस, रूटविरोधी तपासणी पार करण्यासाठी आपला फोन रूट करतो. नियम कडक झाला आणि फोन आधीपेक्षा असुरक्षित झाला. याला दोन्ही पक्ष जबाबदार आहेत.

६. किरकोळ न वाटणारे तोटे

काही तोटे परत फिरवता येत नाहीत. सॅमसंगच्या नॉक्स असलेल्या फोनांत परकी सिस्टीम चालवताच चिपमधला एक फ्यूज कायमचा उडतो. मूळ सिस्टीम परत बसवली तरी सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी मिळत नाहीत. सोनीच्या काही जुन्या एक्सपीरिया फोनांत अनलॉक करताच गुप्त किल्ल्या पुसल्या जात आणि कॅमेऱ्याचा दर्जा घसरत असे.

बोलण्याचाही प्रश्न आहे. २०१६ मध्ये आलेल्या जिओचे जाळे ४जीपासूनच सुरू होते. तेथे साधा कॉलही व्होल्टीवर जातो, आणि व्होल्टीचा काही भाग अनेक फोनांत निर्मात्याच्या बंद प्रणालीत असतो. कस्टम सिस्टीममध्ये तो चालला नाही, तर इंटरनेट उत्तम चालणाऱ्या फोनवरून नेहमीचा कॉल लागत नाही. तातडीच्या प्रसंगी हा तोटा क्षुल्लक राहत नाही.

७. प्रतिउदाहरण

'मुक्त सिस्टीम म्हणजे असुरक्षित' हे विधान ग्राफीनओएस खोडून काढते. ही सिस्टीम केवळ गूगलच्या पिक्सेल फोनांवर चालते, कारण त्यांवर बाहेरच्या प्रकल्पाची किल्ली नोंदवून बूटलोडर पुन्हा बंद करता येतो. पडताळणी शाबूत राहते, तळमजल्याचे पॅचही गूगलकडून येत राहतात. तरीही प्ले इंटेग्रिटीचा मधला शिक्का तिला मिळत नाही. दुरुस्ती आहे, पडताळणी आहे, मान्यता तेवढी नाही. वास्तविक अँड्रॉइडमध्ये हार्डवेअर-साक्षांकनाची सोय आहे. बँकेला हवे असल्यास तिच्या आधारे अशा प्रकल्पाची किल्ली थेट ओळखून त्याला प्रवेश देता येतो.

जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासशी संलग्न कंपनीने 'भारओएस' जाहीर केली. तीही अँड्रॉइडच्याच मुक्त स्रोतावर उभी असून गोपनीयतेची काटेकोर गरज असलेल्या संस्थांसाठी मांडली गेली. तिला मंत्र्यांच्या उपस्थितीत प्रतिष्ठा मिळाली, लिनिएजओएस बसवणारा विद्यार्थी मात्र संशयित ठरतो. पाया एकच, फरक स्वाक्षरी करणाऱ्याच्या वजनाचा.

८. समारोप

या चर्चेतून दोन निर्णय निघतात. पहिला व्यक्तीसाठी. ज्याच्याकडे एकच फोन आहे आणि शिष्यवृत्ती, पगार, ओटीपी, यूपीआय सारे त्यावरच येते, त्याने पॅच मिळत असलेल्या फोनवर कस्टम सिस्टीम बसवू नये. निर्मात्याने सोडून दिलेला फोन वाचन, अभ्यास किंवा प्रयोगासाठी दुसरा फोन म्हणून वापरायचा असेल, तर अधिकृत लिनिएजओएस हा विवेकी पर्याय आहे. दोन्ही तारखा पाहून आणि त्यांचा अर्थ समजूनच तो निवडावा.

दुसरा निर्णय धोरणाचा आहे. ज्या देशात फोनशिवाय व्यवहार कठीण होत चालले आहेत, तेथे फोन विश्वासार्ह ठरवण्याचा एकमेव अधिकार एका परदेशी कंपनीच्या शिक्क्याकडे असणे योग्य नाही. फोन खरोखर कोणत्या स्थितीत आहे हे तपासा, मग दार उघडा किंवा बंद करा, अशी मागणी बँकांकडे करता येते. ती मागणी करणाऱ्यांनी मात्र आपल्या फोनवरच्या दुसऱ्या तारखेबद्दलही तितकेच प्रामाणिक असले पाहिजे.

विचारासाठी प्रश्न

१. दुरुस्ती, पडताळणी आणि मान्यता यांतील फरक आपल्या स्वतःच्या फोनच्या आधारे स्पष्ट करा.
२. पॅच न मिळालेला प्रमाणित फोन आणि पॅच मिळालेला अप्रमाणित फोन यांपैकी बँकेने कोणाला प्रवेश द्यावा? कारणे द्या.
३. मुक्त स्रोत परवाना असूनही फोनचा तळमजला बंद का राहतो, याची चर्चा करा.