चित्र मिटल्यावर उरणारे पात्र : दूरचित्रवाणीवरील स्वमग्न व्यक्तिरेखा आणि अंध-स्वमग्न प्रेक्षक

१. प्रस्तावना

दूरचित्रवाणी हे पाहण्याचे माध्यम आहे, हे इतके स्वाभाविकपणे गृहीत धरले जाते की त्याच्या समीक्षेतही 'प्रेक्षक' म्हणजे डोळस प्रेक्षक हाच अर्थ अभिप्रेत असतो. १९८८ मधील 'रेन मॅन' या चित्रपटाने स्वमग्न व्यक्तीची एक प्रतिमा जगभर रूढ केली. त्यानंतर इंग्रजी, कोरियन व हिंदी मालिकांतून अशा व्यक्तिरेखा सातत्याने येत राहिल्या. झी टीव्हीवर २००९ मध्ये सुरू झालेली 'आपकी अंतरा' ही हिंदी मालिका स्वमग्न मुलीला केंद्रस्थानी ठेवणारी होती. या व्यक्तिरेखांवर लिहिताना समीक्षक प्रामुख्याने दोन प्रश्न विचारतात : चित्रण वास्तव आहे काय, आणि भूमिका स्वमग्न नटाने केली आहे काय? हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु स्वमग्न असून अंधही असलेली व्यक्ती या पात्रांशी कशी जोडली जाते, हा तिसरा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाच्या आधारे काही निवडक मालिकांचा विचार केला आहे.

२. नजरेवर उभारलेले पात्र

पडद्यावर स्वमग्नता दाखवण्याची एक ठरलेली रीत आहे. पात्र समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नाही, त्याची बोटे अस्वस्थपणे हलतात, चेहरा निर्विकार राहतो. 'नजर चुकवणे' या मराठी वाक्प्रचारात अपराधी भाव आहे. डोळस समाजाने नजरेला जे नैतिक मूल्य दिले आहे, तेच या चित्रणाच्या मुळाशी आहे. जन्मांध व्यक्तीला मात्र नजर देणे आणि चुकवणे या दोन्ही गोष्टी सारख्याच परक्या आहेत. साहजिकच स्वमग्नतेची ही 'ओळखीची खूण' तिच्यापुरती अस्तित्वातच नसते.

'द गुड डॉक्टर' (२०१७-२०२४) या अमेरिकन मालिकेत हा दृश्यभर टोकाला गेला आहे. शॉन मर्फी हा शल्यविशारद विचार करू लागला की शरीररचनेच्या आकृत्या त्याच्याभोवती हवेत तरंगू लागतात. टेंपल ग्रँडिन यांनी १९९५ मधील आपल्या पुस्तकात चित्रांतून विचार करण्याच्या स्वतःच्या पद्धतीचे वर्णन केले होते. एका व्यक्तीचा हा अनुभव दूरचित्रवाणीने जणू सर्व स्वमग्नांचे लक्षण ठरवला. शॉनच्या मनात काय चालले आहे हे प्रेक्षकाला समजावे यासाठीच या आकृत्यांची योजना आहे. पण अंध प्रेक्षकाच्या वाट्याला त्या क्षणी केवळ पार्श्वसंगीत येते. पात्राच्या अंतरंगाचे दार उघडते तेव्हाच ते त्याच्यासाठी बंद होते.

३. कानांना भेटणारी पात्रे

याउलट, ज्यांच्यावर स्वमग्नतेचा शिक्का अधिकृतपणे मारलेला नाही अशी काही पात्रे कानांना अधिक स्पष्टपणे भेटतात. 'द बिग बँग थिअरी' (२००७-२०१९) मधील शेल्डन कूपर स्वमग्न असल्याचे निर्मात्यांनी मान्य केले नाही. तथापि तीन टकटक आणि पेनीचे नाव, असा क्रम तीनदा पूर्ण केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. ही आवर्तनाची गरज डोळे मिटूनही जाणवते. त्याच्या बोलण्यातील काटेकोरपणा, उपरोध न उमगणे, आवडत्या विषयावर न थांबता बोलत राहणे, हे सर्व श्राव्य आहे.

मात्र याच मालिकेतील हशाही श्राव्य आहे. एका प्रसंगी लेनर्ड 'उपरोध' असे लिहिलेला फलक उंच धरतो. फलक न दिसणाऱ्याला फक्त हशा ऐकू येतो; कोण कशाला हसले हे कळत नाही. भोवतालचे सारे हसत आहेत आणि कारण आपल्यालाच ठाऊक नाही, ही अवस्था अंध व्यक्तीच्या तशीच स्वमग्न व्यक्तीच्याही परिचयाची आहे. येथे ती एकाच वेळी दोन्ही बाजूंनी अनुभवास येते. शेल्डनशी जवळीक वाटू लागावी आणि त्याच क्षणी तो हशा आपल्यावरही आहे असे जाणवावे, हा या आस्वादातील खरा पेच होय.

'कम्युनिटी' (२००९-२०१५) मधील आबेद नादिर माणसांचे वागणे दूरचित्रवाणीच्या संकेतांवरून समजून घेतो. चेहरे न दिसणाऱ्या आणि सामाजिक इशारे सहज न उमगणाऱ्या व्यक्तीलाही संवाद, विराम व स्वर ऐकूनच माणसे समजून घ्यावी लागतात. त्यामुळे विनोदासाठी योजलेली आबेदची ही पद्धत अशा प्रेक्षकाला व्यवहार्य वाटू शकते. 'अटिपिकल' (२०१७-२०२१) मधील सॅम आपले मन निवेदनातून उलगडतो. अंटार्क्टिका आणि पेंग्विन यांविषयीचे त्याचे बोलणे ऐकणारा अंध प्रेक्षक डोळस प्रेक्षकाच्या बरोबरीने त्याच्या मनात प्रवेश करतो.

४. हेडफोन : दिलासा की दुसरे अंधत्व?

या मालिकांनी हेडफोनला स्वमग्नतेचे जवळजवळ प्रतीक बनवले आहे. गोंगाट असह्य होतो, पात्र कान झाकून घेते आणि जग शांत होते. 'अटिपिकल'च्या पहिल्या पर्वात सॅमला सहभागी होता यावे म्हणून शाळेतील नृत्याचा कार्यक्रम हेडफोनवर होतो. सभागृह निःशब्द असते आणि संगीत प्रत्येकाच्या कानात असते. समावेशनाचे उदाहरण म्हणून हा प्रसंग वाखाणण्याजोगा आहे. परंतु त्या सभागृहात अंध-स्वमग्न विद्यार्थिनीची कल्पना केल्यास चित्र बदलते. आवाज हाच तिचा त्रास असतो आणि आवाज हाच तिचा आधारही. कोण कोठे उभे आहे, भिंत किती दूर आहे, रस्त्यावर वाहन कोणत्या बाजूने येत आहे, हे तिला कानच सांगतात. कान झाकल्यास गोंगाट थांबतो, पण त्याबरोबर वाटही हरवते. हा संघर्ष नाट्यदृष्ट्या अत्यंत समर्थ असूनही येथे विचारात घेतलेल्या एकाही मालिकेने तो हाताळलेला नाही.

'एक्स्ट्रॉऑर्डिनरी अटर्नी वू' (२०२२) या कोरियन मालिकेत वेगळ्या शक्यतेची चुणूक दिसते. वू यंग-वू हिला नवी कल्पना सुचली की पडद्यावर देवमासे झेपावतात. ती योजना दृश्यच आहे. पण फिरते दार ओलांडणे तिला जमत नाही, तेव्हा सहकारी तिला वॉल्ट्झच्या तीन मात्रांच्या तालावर पावले टाकण्यास शिकवतो. पांढरी काठी घेऊन पावले मोजत चालणाऱ्याला हा उपाय लगेच आपला वाटेल. अडचण आणि तिचा उपाय दोन्ही येथे देहाच्या व तालाच्या पातळीवर आहेत. त्यांना नजरेची गरज नाही.

५. ध्वनिवर्णनाचे सामर्थ्य व मर्यादा

दृश्यांचे वर्णन स्वतंत्र ध्वनिपट्टीवर दिल्यास प्रश्न सुटेल, असे म्हटले जाईल. नेटफ्लिक्सने २०१५ मध्ये 'डेअरडेव्हिल' या अंध नायकाच्या मालिकेपासून ही सोय सुरू केली आणि तिचे मोल निर्विवाद आहे. तरीही दोन मर्यादा राहतात. पहिली, 'तो नजर वळवतो' असे वर्णन माहिती देते, पण नजरेला महत्त्व देणारी मूळ दृष्टी तशीच ठेवते. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. वर्णन संवादांमधील मोकळ्या जागेत बसवावे लागते. स्वमग्न श्रोत्याला विसावा देणारी शांतता नेमकी तीच असते. एकाच व्यक्तीच्या दोन गरजा येथे परस्परांना छेद देतात. यावरचा मार्ग वर्णनात नसून संहितेत आहे : पात्राचे अंतरंग मुळातच आवाज, ताल व भाषा यांतून घडवणे.

६. दोन अपंगत्वे, दोन देह

एचबीओ वाहिनीच्या 'टेंपल ग्रँडिन' (२०१०) या चित्रपटात नायिकेची महाविद्यालयातील खोलीसोबतीण अंध आहे. स्वमग्नता आणि अंधत्व एका खोलीत येतात, पण दोन देहांत वाटलेले. एकाच देहात ते दूरचित्रवाणीवर ठळकपणे आले ते कल्पित पात्रांत नव्हे, तर प्रत्यक्ष कलावंतांत : ब्रिटिश पियानोवादक डेरेक पॅराव्हिसिनी, आणि २०१९ मध्ये 'अमेरिकाज गॉट टॅलेंट' जिंकणारे गायक-वादक कोडी ली. त्यांची कला अस्सल आहे. दोष आहे तो असामान्य प्रतिभेच्या अटीवरच अशा व्यक्तीला पडद्यावर जागा देणाऱ्या संकेतात. प्रतिभा नसलेल्या, नोकरी शोधणाऱ्या, भांडणाऱ्या, कंटाळणाऱ्या अंध-स्वमग्न माणसाला कथेत स्थान मिळत नाही.

ही उणीव केवळ कलेपुरती नाही. जन्मांध मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण अधिक आढळते, हे संशोधनाने दाखवले आहे. असे असूनही मूल डोलत राहिले, ऐकलेले शब्द परत परत उच्चारू लागले, तर 'अंधत्वामुळे असेल' असे म्हणून ते सोडून दिले जाऊ शकते. दूरचित्रवाणीने शिकवलेली नजरेची खूण अशा मुलाला लागू पडत नाही. ज्याचे चित्र समाजाच्या मनात नाही, त्याची ओळख पटण्यास उशीर होतो.

७. निष्कर्ष

१) दूरचित्रवाणीवरील स्वमग्नता मुख्यतः दृश्य खुणांवर उभी असल्याने अंध-स्वमग्न प्रेक्षक अधिकृत स्वमग्न पात्रांपासूनही दूर राहू शकतो.

२) तादात्म्य निदानाच्या नावावर अवलंबून नसते, आवर्तन, भाषा व स्वर यांतून घडलेले पात्र अशा प्रेक्षकाला अधिक जवळचे ठरू शकते.

३) ध्वनिवर्णन आवश्यक आहे, परंतु ते श्राव्य व्यक्तिचित्रणाची जागा घेऊ शकत नाही.

४) चित्र मिटल्यावर पात्रात काय उरते, ही कसोटी समीक्षेने स्वीकारायला हवी. जे उरत नाही ते बहुधा स्वमग्न व्यक्तीचे नव्हतेच; ते तिच्याकडे पाहणाऱ्याचे होते.