क्रमांक की गुण?
डेबियन लिनक्सच्या एका मदत-पानाचे परीक्षण

वर्गात पहिल्या आलेल्या मुलाचा क्रमांक १ असतो, आणि त्याचे गुण मात्र सर्वांत जास्त असतात. हे दोन आकडे उलट दिशांनी चालतात, तरी निकालपत्रक वाचताना आपण चुकत नाही, कारण रकान्यावर 'क्रमांक' किंवा 'गुण' असे लिहिलेले असते. लिनक्सवर नवे प्रोग्रॅम आणून बसवताना असाच एक आकडा भेटतो, पण त्याच्यावर मथळा नसतो. म्हणूनच डेबियनच्या 'ॲप्ट प्रेफरन्सेस' ह्या मदत-पानाचे परीक्षण येथे करीत आहोत. उबुंटू आणि सी-डॅकची 'बॉस' ह्या प्रणाली डेबियनवरच आधारलेल्या आहेत. त्यामुळे त्या वापरणाऱ्या शाळांनाही हे पान लागू पडते.

आधी परतवाड्यातील एका शाळेत घडलेला प्रसंग सांगतो. चिखलदऱ्याला आकाशदर्शनाची सहल ठरली होती. तत्पूर्वी मुलांना 'स्टेलॅरियम' ह्या तारांगण-प्रोग्रॅमची नवी आवृत्ती दाखवावी, असा आमचा बेत होता. शाळेच्या संगणकावर डेबियनची स्थिर आवृत्ती होती आणि तिच्यातील स्टेलॅरियम जुने होते. नवे होते 'बॅकपोर्ट्स' नावाच्या भांडारात. पुढच्या डेबियनसाठी तयार झालेले प्रोग्रॅम स्थिर आवृत्तीवर चालतील असे करून ह्या भांडारात ठेवतात. आम्ही ते भांडार जोडले आणि पसंतीच्या फाईलीत त्याला १ हा आकडा दिला. फेडोरा लिनक्सवर आम्ही तसेच शिकलो होतो : १ म्हणजे सर्वांत वरचा!

संगणकाने चूक दाखवली नाही, पण नवी आवृत्तीही आणली नाही. दोन दिवस खटपट केल्यावर 'सगळे पुसून प्रणाली नव्याने बसवू' असे ठरत आले. तसे केले असते, तर मुलांनी वर्षभर लिहिलेल्या पावसाच्या नोंदी गेल्या असत्या.

बिघडले काहीच नव्हते. ॲप्ट हा डेबियनमधील पॅकेज-व्यवस्थापक. त्याचा आकडा क्रमांक नाही, गुण आहे. नेहमीच्या भांडारातील आवृत्तीला ५०० गुण मिळतात, बॅकपोर्ट्समधील आवृत्तीला १००. जास्त गुणांची आवृत्ती निवडली जाते, आणि गुण सारखे असल्यास त्यांतली नवी. १ ते ९९ गुणांची आवृत्ती तर ते पॅकेज संगणकावर मुळीच नसेल तेव्हाच बसते. म्हणजे १ देऊन आम्ही बॅकपोर्ट्सला तळाशी ढकलले होते! उलट फेडोराचे 'डीएनएफ' आणि ओपनसुझेचे 'झिपर' ह्यांत भांडाराचा आकडा क्रमांकासारखा चालतो. काही न सांगितल्यास तो ९९ धरतात, आणि जितका लहान तितके भांडार वरचे.

आता पानाविषयी. पान प्रामाणिक आहे. ही सोय जपून न वापरल्यास डोकेदुखी होईल, असा इशारा ते स्वतःच देते. गुणांच्या प्रत्येक टप्प्याचा परिणाम ते सांगते. १००० च्या वर गुण दिल्यास नवी आवृत्ती काढून जुनीही बसू शकते आणि ऋण गुण दिल्यास ती आवृत्ती बसतच नाही, हे त्यात स्पष्ट आहे. जाणकाराला एवढे पुरते.

शिकणाऱ्याला मात्र पुरत नाही. दुसऱ्या प्रणालीवरून येणाऱ्याला दिशा उलटी आहे, हे एका वाक्यात सांगायला हवे होते. शिवाय पानाचा आरंभ पसंतीच्या फाईलीपासून होतो. आमच्या मते तो तपासणीपासून व्हायला हवा. 'ॲप्ट-कॅशे पॉलिसी' ही आज्ञा पॅकेजच्या नावासह दिली, की बसलेली आवृत्ती, निवडली जाणारी आवृत्ती आणि प्रत्येक भांडाराचे गुण समोर येतात. ह्या आज्ञेने संगणकात काहीही बदलत नाही. ती आधी दिली असती, तर बॅकपोर्ट्सपुढचा १ आणि नेहमीच्या भांडारापुढचे ५०० पाहून आमचे दोन दिवस वाचले असते.

थोडा दोष आपल्या भाषेकडेही जातो. ह्या आकड्याला आपण सहज 'अग्रक्रम' म्हणतो. त्यात 'क्रम' आला, की १ वर जातोच. ॲप्टपुरते तरी 'पसंतीगुण' म्हणावे, असे आम्ही सुचवतो.

अखेर उपाय सोपा निघाला. आम्ही फाईलीतील ती नोंद काढली आणि स्टेलॅरियम बसवण्याच्या आज्ञेत बॅकपोर्ट्सचे नाव एकदाच सांगितले. एकदा बसलेल्या अशा पॅकेजच्या पुढच्या सुधारणा त्याच भांडारातून येत राहतात. पसंतीची फाईल लागलीच नाही.

शिक्षकांनी हा पाठ वर्गात जरूर करून पाहावा. गुणांचा तक्ता फळ्यावर लिहावा, कोणती आवृत्ती निवडली जाईल ते मुलांना आधी वहीत लिहायला सांगावे, आणि मगच आज्ञा द्यावी. अंदाज चुकला, तर संगणकाला दोष देण्याआधी आपले गृहीतक तपासावे. प्रयोगशाळेत आपण हेच तर शिकवतो.