पोटदुखीचे दिवस मोजताना

समीक्षा म्हटलं की आपल्याला कविता-कादंबऱ्या आठवतात. मी मात्र पीएचडीसाठी सरकारी नियम वाचते, आणि नियम हीसुद्धा एक संहिताच असते. तिच्यातही शब्द निवडलेले असतात, काही गाळलेले असतात, आणि त्या निवडीची किंमत कोणीतरी मोजत असतं. आज अशाच एका छोट्या संहितेबद्दल लिहिते आहे: अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या (यापुढे ‘व्हीए’) अपंगत्व-मूल्यांकन नियमावलीतली ७३१९ क्रमांकाची नोंद. विषय आहे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस. नोंद जेमतेम काही ओळींची, पण तिच्यातल्या एकेका शब्दावर माणसं अनेक वर्षं अपिलं लढतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. सैनिकी सेवेमुळे आजार जडला तर व्हीए टक्केवारी ठरवते आणि तीनुसार दरमहा भरपाई देते. त्यासाठी साधारण तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: आज आजार आहे, सेवेत काहीतरी घडलं होतं, आणि या दोन्हींचा संबंध आहे. आखाती युद्धात, म्हणजे २ ऑगस्ट १९९० नंतर, त्या भागात सेवा केलेल्यांसाठी तिसरी अट सैल केलेली आहे. आयबीएससारखे पचनसंस्थेचे ‘फंक्शनल’ आजार सेवेमुळेच झाले असं कायदा गृहीत धरतो. २०२२ च्या पॅक्ट कायद्याने ही तरतूद आणखी उदार केली.

कागदावर हे छानच आहे. प्रत्यक्षात? अमेरिकी संसदेची लेखापरीक्षण संस्था ‘गाओ’ हिने २०१७ मध्ये जो अहवाल दिला, त्यानुसार आर्थिक वर्ष २०१५ मध्ये आखाती युद्धाशी जोडलेल्या अशा आजारांचे फक्त १७ टक्के दावे मंजूर झाले. बाकीच्या आजारांचं प्रमाण होतं ५७ टक्के. या आजारांसाठीचं खास प्रशिक्षण तोवर जेमतेम १० टक्के तपासनीस डॉक्टरांनी घेतलं होतं, कारण ते ऐच्छिक होतं.

आता मूळ संहितेकडे येऊ. मे २०२४ पर्यंत कोष्टक विशेषणांवर चालायचं. ‘सौम्य’ असेल तर शून्य टक्के, ‘मध्यम’ असेल तर १०, ‘तीव्र’ असेल तर ३०. मध्यम म्हणजे ‘वारंवार’ त्रास आणि तीव्र म्हणजे ‘कमी-अधिक सततचा’ त्रास. वारंवार कुठे संपतं आणि सतत कुठे सुरू होतं, याचं उत्तर प्रत्येक अधिकाऱ्याकडे वेगळं. साहजिकच अपिलं व्हायची.

१९ मे २०२४ पासून विशेषणं गेली आणि आकडे आले. शौचाशी संबंधित पोटदुखी गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून किमान एक दिवस असेल तर ३० टक्के, महिन्यातून किमान तीन दिवस असेल तर २०, तीन महिन्यांत एकदा तरी झाली असेल तर १०. सोबत आणखी किमान दोन लक्षणं हवीत: शौचाच्या वेळा बदलणं, स्वरूप बदलणं, घाई किंवा कुंथणं, चिकट आव, पोट फुगणं, वगैरे.

वाचताना हे आकडे मला ओळखीचे वाटले. पोटाच्या अशा आजारांचं निदान जगभर ‘रोम निकष’ वापरून केलं जातं. २००६ च्या तिसऱ्या आवृत्तीत निदानाचा उंबरठा होता महिन्यातून तीन दिवस. २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत तो झाला आठवड्यातून एक दिवस. म्हणजे बघा, कोष्टकाच्या वरच्या दोन पायऱ्या या निदानाच्या दोन आवृत्त्यांच्या उंबरठ्यांशी तंतोतंत जुळतात!

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. उंबरठा सांगतो की तुम्हाला आजार आहे की नाही. तो किती आहे, हे तो सांगत नाही. थर्मामीटरवर १०० च्या पुढे ताप, एवढीच एक खूण ठेवली तर १०१ आणि १०४ मधला फरक कळणारच नाही. इथेही तसंच होतं. आठवड्यातून एक दिवस पोट दुखणारा आणि रोज दुखणारा, दोघेही ३० टक्क्यांवरच. त्याच्या वर पायरीच नाही.

दुसरा आक्षेप ‘दुखणं’ या शब्दाला. जुन्या कोष्टकात पोटाचा ‘त्रास’ असा सैल शब्द होता. रोमच्या चौथ्या आवृत्तीने ‘अस्वस्थता’ हा शब्द काढून फक्त ‘वेदना’ ठेवली, कारण अस्वस्थतेचा अर्थ भाषेगणिक बदलतो. संशोधनासाठी हे ठीक आहे. पण आपल्याकडेच बघा ना: कळ येते, मुरडा येतो, पोटात गुडगुडतं, गुबारा धरतो, नुसतं ‘कसंतरी होतं’. यातलं दुखणं कोणतं? ज्याला दुखत नाही पण दिवसातून सहा वेळा धावत जावं लागतं, तो या ओळीत बसतच नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात मूलभूत आहे. कायदा सांगतो की टक्केवारी कमाईची क्षमता सरासरी किती घटली यावर ठरावी. या कोष्टकात कामाबद्दल एकही प्रश्न नाही. ट्रक चालवणाऱ्याला रस्त्यात किती वेळा थांबावं लागतं? पहारेकऱ्याला जागा सोडता येते का? आजाराची तीव्रता मोजणारी पाच प्रश्नांची, ५०० गुणांची प्रश्नावली १९९७ पासून उपलब्ध आहे. आजार रोजच्या जगण्यात किती अडथळा आणतो, हा तिच्यातला एक प्रश्नच आहे. तिचा आधार घेता आला असता.

नव्या कोष्टकाची चांगली बाजूही सांगायला हवी. आकड्यांमुळे लहर कमी होते. जुन्या ‘मध्यम’मध्ये अडकलेल्या अनेकांना आता ३० टक्के मिळू शकतात. आणि कोष्टक बदललं एवढ्याच कारणाने आधीची टक्केवारी कमी करता येत नाही. हे सगळं खरं आहे.

पण भांडण संपलेलं नाही, फक्त जागा बदलून बसलंय. आधी वाद विशेषणाचा होता, आता दिवसांच्या हिशेबाचा आहे. २०१९ पासून अपिलाचे तीन मार्ग आहेत. त्यातल्या वरिष्ठ फेरतपासणीत नवा पुरावा घेतच नाहीत, आणि बोर्डाच्या थेट आढाव्यातही नाही. तपासनिसाने दिवस विचारलेच नसतील, तर ती रिकामी जागा या दोन्ही मार्गांवर सैनिकाला नव्या पुराव्याने भरता येत नाही. तिथे सैनिकाची रोजनिशी किंवा बायकोचं निवेदन जोडायचं तर पूरक दावा करावा लागतो, नाहीतर बोर्डापुढे पुरावा देण्याचा किंवा सुनावणीचा मार्ग घ्यावा लागतो.

अशा निवेदनांना वजन आहे. त्या काळची वैद्यकीय नोंद नाही एवढ्याच कारणाने सैनिकाचं सांगणं फेटाळता येत नाही, असं फेडरल सर्किट न्यायालयाने २००६ मध्येच म्हटलंय. २०१२ चा एक निकाल तर थेट आयबीएसचा होता: कोष्टकात औषधाचा उल्लेख नसेल, तर औषधाने आराम पडतो म्हणून टक्केवारी कमी धरायची नाही.

या दोन्ही निकालांनी कागदाच्या पलीकडच्या माणसाकडे बघायला लावलं. नव्या कोष्टकात ती नजर मला दिसत नाही. ते विचारतं, किती दिवस दुखलं? त्या दिवशी तुम्ही कामावर पोचलात का, हे अजूनही कोणी विचारत नाही.