कुटुंबाचा विमा आणि कष्टाचा आजार

शासनाची योजना हीही एक संहिता असते. कविता, कथा, आत्मकथन ह्यांची समीक्षा करताना आपण शब्दामागची मूल्ये तपासतो. हा शब्द कोणाच्या बाजूने उभा आहे आणि कोणाला वगळतो आहे, असे विचारतो. तीच कसोटी शासननिर्णयाला लावली पाहिजे. कारण आपल्या वस्त्यांमधील माणसांच्या जगण्यामरण्यावर त्याचा परिणाम अधिक थेट होतो. गेल्या काही वर्षांत आरोग्यविम्याच्या योजनांनी एक नवी शब्दावली रूढ केली आहे : 'कुटुंब', 'लाभार्थी', 'कवच', 'पॅकेज'. ह्या शब्दांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुद्दा प्रारंभीच मांडतो. आजारी पडणाऱ्या श्रमिकाला एकेकाळी ह्या देशाच्या कायद्याने 'कामगार' म्हणून ओळखले होते. त्यामुळे त्याच्या आजाराशी त्याच्या मालकाचा संबंध जोडला गेला होता. आज तोच माणूस 'गरीब कुटुंबाचा सदस्य' म्हणून ओळखला जातो. विम्याची रक्कम वाढली. पण मालक ह्या व्यवहारातून सहीसलामत निसटला. सुधारणेचा हा खरा अर्थ आहे आणि तो आपल्या चळवळीने समजून घेतला पाहिजे.

ह्या प्रश्नाची मुळे आपल्याच इतिहासात आहेत. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. गरोदर बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून शासनाने भार उचलावा. आणि तिच्या श्रमातून मालकाला लाभ होतो, म्हणून त्यानेही आपला वाटा द्यावा, अशी त्यांच्या युक्तिवादाची दिशा होती. दया, दान, पुण्य ह्यांचा त्यात लवलेश नव्हता. १९४२ ते १९४६ ह्या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अडारकर ह्यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविण्यात आले आणि १९४४ साली त्यांनी अहवाल दिला. पुढे १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा संमत झाला, तेव्हा मजूरखात्याचे मंत्री जगजीवनराम होते. राजकारणात एकमेकांपासून फार दूर उभ्या असलेल्या दोन दलित नेत्यांच्या कारकिर्दीत भारतातील पहिला मोठा आरोग्यविमा आकाराला आला, ही गोष्ट आपल्या अभ्यासक्रमांत कोठेही ठळकपणे येत नाही.

ह्या कायद्याची रचना नीट पाहिली पाहिजे. मालक आणि कामगार दोघेही वर्गणी भरणार. आणि मालकाची वर्गणी अधिक. २०१९ पासून हे प्रमाण वेतनाच्या अनुक्रमे ३.२५ टक्के आणि ०.७५ टक्के असे ठरले. वर्गणीच्या बदल्यात औषधोपचार मिळे. तो केवळ शस्त्रक्रियेपुरता नव्हता. खोकला, ताप, रोजची गोळी हेही त्यात आले. आरंभी केवळ कामगारापुरती असलेली वैद्यकीय सोय पुढे त्याच्या कुटुंबालाही लागू झाली. शिवाय आजारपणात बुडालेल्या मजुरीची भरपाई हा ह्या विम्याचा गाभा होता. आजारी कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळण्याची तरतूद त्यात आली. कापसाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होणे हा व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य झाला. म्हणजे आजार हा नशिबाचा भाग नसून कामाचा परिणाम असू शकतो, हे कायद्याने कबूल केले.

अर्थात हा कायदा म्हणजे स्वर्ग नव्हता. १९५२ साली कानपूर आणि दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला तेव्हा ती संघटित कारखान्यांपुरती होती. आणि कारखान्यात तरी आपली माणसे कोठे होती? मुंबईच्या गिरण्यांत विणकामाचा विभाग अस्पृश्यांना बंद होता; कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यामुळे सवर्ण विणकऱ्यांना विटाळ होई. विणकामाची बरी मजुरी सवर्णांना आणि कमी मजुरीची खाती आपल्याला, अशी ही वाटणी होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला होता. शेतमजूर तर कायद्याच्या कक्षेतच नव्हता. एवढेच नव्हे, तर 'हंगामी कारखाने' म्हणून जे वगळले गेले, त्यांत साखर आणि गूळ तयार करणारे कारखानेही होते. महाराष्ट्राच्या दृष्टीने ह्या एका वगळण्याचा अर्थ किती भयंकर आहे, ते पुढे येईलच.

कामाशी बांधलेल्या विम्याची दुसरी मर्यादा १९८२ च्या गिरणी संपाने उघडी पाडली. काम गेले की वर्गणी गेली, वर्गणी गेली की विमा गेला. चाळीतल्या खोलीत आजार मात्र राहिला. म्हणून जुन्या कायद्याची आरती ओवाळण्याचे कारण नाही. परंतु त्यातले जे मूल्य होते ते कोणते आणि ते कोठे हरवले, हे विचारल्याशिवाय नव्या योजनांची समीक्षा होऊ शकत नाही.

नव्या योजनांचा क्रम असा आहे. २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचे संरक्षण. कुटुंबातील जास्तीत जास्त पाच माणसे. नोंदणीचे ३० रुपये. २०१२ साली महाराष्ट्रात आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. दीड लाखापर्यंत खर्च आणि ९७१ प्रकारचे उपचार. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले ह्यांचे नाव देण्यात आले. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली : सुमारे १०.७४ कोटी कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण, आणि सदस्यसंख्येची अट काढून टाकलेली. २०२४ पासून महाराष्ट्राने आपली योजना पाच लाखांपर्यंत वाढवून सर्वच कुटुंबांना खुली केली. त्याच वर्षी केंद्राने ७० वर्षांवरील सर्वांना सामावून घेतले.

ह्यातून काहीच साधले नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार ह्यांसाठी जमिनीचा तुकडा आणि बाईच्या अंगावरचा मणी विकावा लागे. अशा अनेक घरांना ह्या योजनांनी आधार दिला. पाच माणसांची अट जाणे हाही मोठा बदल आहे. जेथे पाचच नावे लिहायची तेथे सहावे नाव कोणाचे गळत असेल, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ नको. म्हाताऱ्या आईचे किंवा धाकट्या मुलीचे नाव गळण्याचीच शक्यता अधिक होती.

परंतु रक्कम तीस हजारांवरून पाच लाखांवर जाताना तीन गोष्टी हातातून निसटल्या. पहिली म्हणजे मजुरी. आयुष्मानच्या पाच लाखांत बुडालेल्या रोजाचा एक रुपयाही नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला आजाराचा पहिला तडाखा बसतो तो इस्पितळाच्या बिलाने नव्हे, तर चूल थंडावल्याने. दुसरी गोष्ट रोजच्या औषधांची. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी आल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच काळ योजनेच्या हिशेबात येतो. वर्षानुवर्षे चालणारा मधुमेह, दमा, रक्तदाब ह्यांच्या गोळ्या त्या हिशेबाबाहेर राहतात. त्यासाठी आरोग्य केंद्रे आहेत, असे उत्तर मिळते. तेथे डॉक्टर आणि औषध दोन्ही एकाच दिवशी भेटले तर ते उत्तर खरे. तिसरी गोष्ट मालकाची जबाबदारी. ती तर पूर्णपणे पुसली गेली.

शासकीय आकडा सांगतो की देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट महत्त्वाची आहे. पण आकडा वाचण्याचीही एक दृष्टी असते. जो दवाखान्यात गेलाच नाही, त्याचा खर्च शून्य लिहिला जातो. दुखणे अंगावर काढणे ही आपल्या समाजाची जुनी सवय कोणत्याही हिशेबवहीत नोंदली जात नाही. बेबीताई कांबळे ह्यांच्या 'जिणं आमुचं' मध्ये महारवाड्यातील बाळंतिणीचे उपाशी, जखमी शरीर आले आहे. त्या बाळंतपणांवर सरकारदरबारी काय खर्च झाला? काहीच नाही. आणि म्हणून ती वेदना खर्चाच्या भाषेत अस्तित्वातच नव्हती. आपल्या आत्मकथनांनी जे नोंदवले ते शासकीय तक्त्यांना नोंदवता येत नाही, एवढे ह्यावरून लक्षात यावे.

आता 'कुटुंब' ह्या शब्दाकडे वळू. ऊसतोडीच्या व्यवहारात आणखी एक शब्द आहे : 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला, हिशेब होतो तो जोडीचा. एकाने खाडा केला तर दंड जोडीला. बाईचा स्वतंत्र मजूर म्हणून कोठे पत्ताच नाही. कारखाना म्हणतो, हे मजूर आमचे नव्हेत, मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी फक्त मध्यस्थ. अशा ह्या रचनेत पाळी आली, पोट दुखले, अंगावरून गेले, तरी बाईने खाडा करायचा नाही. बीड जिल्ह्यात ह्याचा परिणाम काय झाला ते २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने वाचले. राज्य शासनाच्या समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली.

ह्या आकड्यासमोर विम्याची भाषा थिटी पडते. ह्या बायकांना पाच लाखांचे कार्ड मिळाले असते तर काय बदलले असते? कदाचित पिशवी काढण्याचे पैसे उचलीतून गेले नसते. पिशवी मात्र गेलीच असती. किंबहुना छत्तीसगड आणि बिहारमध्ये विम्याची रक्कम लाटण्यासाठी गरज नसताना गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणे २०१२ मध्ये उजेडात आली. जेथे पैसा शस्त्रक्रियेलाच मिळतो आणि विश्रांतीला मिळत नाही, तेथे गरीब बाईचे शरीर हेच उत्पन्नाचे साधन बनते. तिला हवी होती पाळीतली भरपगारी सुटी, फडाजवळ पाणी आणि संडास, नीट तपासणारी डॉक्टर. ह्यांतल्या कशाचेही 'पॅकेज' नाही. कोयत्यात ती नवऱ्यामध्ये विरघळते, कार्डावर ती कुटुंबात विरघळते. आणि नवऱ्याने टाकलेली बाई? तिचे नाव त्याच्याच शिधापत्रिकेवर अडकून राहते.

योजनेच्या संहितेत आणखी एक विसंगती आहे. आयुष्मानसाठी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेचा आधार घेतला गेला. ग्रामीण भागात अनुसूचित जाती-जमातीचे कुटुंब असणे हा त्यातला एक निकष होता. शहरात कचरावेचक, घरकामगार, सफाई कामगार, चांभार असे व्यवसाय पाहिले गेले. म्हणजे दाराशी उभे असताना शासन आपल्याला जात विचारते, कामही विचारते. पण आत गेल्यावर, हा आजार ह्या कामामुळे झाला काय, आणि झाला असेल तर ह्या कामावर ठेवणारा कोण, हा प्रश्न कोणी विचारत नाही. जात आणि व्यवसाय ह्यांचा उपयोग गरिबी मोजायला होतो, जबाबदारी ठरवायला होत नाही.

२०२३ मध्ये गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या कामगारांसाठी 'नमस्ते' योजना आली आणि त्यांना आयुष्मानचे कार्ड देण्याचे ठरले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे, हे विसरून चालणार नाही. बंदी असलेल्या कामात मरणाऱ्याच्या खिशात विम्याचे कार्ड ठेवणे हा सुधारणेचा विपर्यास आहे. विषारी वायूने माणूस आतल्या आत कोसळतो तेव्हा ते कार्ड दाखवायला तो अंगीकृत रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही.

योजनेला ज्यांचे नाव आहे, त्या जोतीरावांचा दृष्टिकोनही येथे आठवावा. 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी सरकारी कायदा आणि कचेरीतला कागद गरिबाला कसा नागवतो ह्याची चिरफाड केली. आणि सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना प्राण दिला. त्यांनी कोणाकडे पिवळे कार्ड आहे की केशरी, असे विचारले नव्हते.

मग आपली मागणी काय असावी? विमा नको, असे म्हणणे आत्मघातकी ठरेल. आहे ते कार्ड प्रत्येक वस्तीत पोहोचवणे, दाखल रुग्णाकडून बेकायदा पैसे घेतले जात असतील तर आरोग्यमित्राला जाब विचारणे, हे कार्यकर्त्यांचे आजचे काम आहे. पण चळवळीची मागणी तेथे थांबता कामा नये. १९४६ मध्ये भोर समितीने सांगितले होते की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणालाही उपचार नाकारला जाऊ नये. २०२३ मध्ये राजस्थानने आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. त्या दिशेने महाराष्ट्रानेही कायदा करावा. आजारपणात बुडालेल्या मजुरीची भरपाई असंघटित मजुरालाही मिळावी. साखर कारखाना, बांधकामाचा बिल्डर, सफाईचा ठेका देणारी नगरपालिका ह्यांच्याकडून त्यासाठी वर्गणी वसूल व्हावी. आणि प्रत्येक बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने, मजूर म्हणून व्हावी.

१९२८ साली बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न अत्यंत साधा होता : ह्या श्रमाचा लाभ कोणाला होतो? पाच लाखांच्या कार्डावर त्याचे उत्तर लिहिलेले नाही. ते लिहून घेण्याची लढाई अजून बाकी आहे.